तारेनं बांधलेलं छप्पर

आमच्या कोरालिया बेटावर लग्न जमवताना मुलीचा बाप मुलाचं तोंड बघायला येत नाही, छप्पर बघायला येतो. अंगणात उभा राहतो, हातात पान घेतो आणि खायच्या आधी मान वर करतो. आढ्याला बाक आलाय का, वळचण एका रेषेत आहे का, गवत काळं पडलंय की अजून पिवळं आहे, एवढं बघून झालं की मगच पान तोंडात जातं. पान तसंच हातात राहिलं तर घरच्या बायका समजतात आणि चुलीवरचं आधण उतरवून ठेवतात.

तोराब आली घरामी हा माणूस त्या वर झालेल्या मानांवर जगला. घरामी म्हणजे छप्पर शाकारणारा. ठेंगणा, पायांत फेंगडा, जमिनीवर चालताना बदकासारखा डुलायचा. पण आढ्यावर चढला की त्याचं चालणं बघत राहावं. खालून कुणी हाक मारली तर उतरायचा नाही. वरूनच बोलायचा, तेही काम न थांबवता. एकदा बेटाचा चेअरमन कामासाठी बोलवायला आला तर तोराब आढ्यावरून म्हणाला, "वर या. खाली बोलायची मला सवय नाही." चेअरमन हसून परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, कारण छप्पर त्यालाही शाकारून हवं होतं.

गवत तो नाकानं पारखायचा. पौषात भांगेवर, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, कापलेल्या गवताच्या पेंढ्या बांधाच्या कडेला उभ्या असायच्या. तोराब प्रत्येकीत तोंड खुपसून वास घ्यायचा आणि मालकाला सांगायचा, "ही तुझ्या म्हशीला घाल. ही मला दे." बांबू तो वाजवून घ्यायचा. आणि वेत तर तो कुणाला हातही लावू द्यायचा नाही.

वेताचं सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट वेताची आहे.

आमच्याकडे वारा दोन घरचा. एक वैशाखातला, वायव्येकडून येणारा. काळा ढग उठतो, धुरळा येतो, झाडं वाकतात, आंबे पडतात, आणि पोरं टोपल्या घेऊन धावेपर्यंत सगळं संपलेलं असतं. दुसरा कार्तिकातला, समुद्राच्या घरचा. तो एकटा येत नाही. पाणी पाठीवर घेऊन येतो. वैशाखाच्या वाऱ्यापुढे छप्पर घट्ट धरून राहायला हवं. कार्तिकाच्या पाण्यापुढे तेच छप्पर सुटायला हवं. सुटलं तर पाखी दोन्ही बाजूंना पसरून ते सबंधच्या सबंध पाण्यावर तरंगतं, आणि घरची माणसं आढ्याला धरून बसतात. माझे आजोबा असेच एका छपरावर बसून या काठाला लागले आणि इथलेच झाले. बेटावरच्या अर्ध्या घरांची पिढी अशी कुठल्या तरी छपरावरून उतरलेली आहे.

म्हणून आमच्याकडे छप्पर मेढींवर ठेवतात आणि फक्त चार कोपऱ्यांत बांधतात. बांधायचं वेतानं. भिजवून, चिरून, मेढीच्या डोक्याला वेढे देऊन. वेढे इतके हवेत की वैशाखाला तोडता येऊ नयेत, आणि इतकेच हवेत की घाबरलेल्या बाईच्या हातानं कोयत्याच्या एका घावात तुटावेत. बाईच्या, कारण कार्तिकात पुरुष बहुधा मासळीवर असतात. किती वेढे ते घरामी कुणाला शिकवू शकत नाही. तोराब चिरलेला वेत अंगठा आणि बोटामध्ये धरायचा, डोळे मिटायचा, आणि मग ठरवायचा.

काम झालं की कोपरा कापायचा रिवाज. घरधनीण अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन येते. घरामी तिच्या हातात कोयता देतो. ती एका कोपऱ्यावर घाव घालते. एका घावात वेत तुटला तर बायका गलका करतात, घरामी तो कोपरा पुन्हा बांधतो, कोयता मधल्या मेढीजवळच्या कुडात खोचला जातो आणि खजुराच्या गुळाची खीर वाढली जाते. दोन घाव लागले तर खीर झाकून ठेवायची. घरामीनं चारही कोपरे सोडून पुन्हा बांधायचे. तोराबच्या कामाला दुसरा घाव लागलेला आम्ही कुणी पाहिला नव्हता.

त्याला एकच मूल, मालेका. बायको गुलनाहार म्हणायची, "मुलगी मी जन्माला घातली, पण वाढली ती आढ्यावर." खरंच, लहानपणी मालेका बापाच्या मागे शिडी चढायची आणि आढ्यावर पाय टाकून बसायची. तिचं लग्न ओहिदशी ठरलं. ओहिद सुपारीच्या सेराज ब्यापाऱ्याचा धाकटा मुलगा. शांत, उंच, म्हशींशी माणसांपेक्षा जास्त बोलणारा. त्याचं नवं घर बेटाच्या दक्षिण टोकाला, नव्या बांधाच्या आतल्या अंगाला उभं राहायचं होतं. सगळं पटलं, पण छपरावरून दोन्ही बापांची जुंपली.

सेराजचं घर पत्र्याचं. बेटावरचं पहिलं. ऊन पडलं की ते नदीपलीकडून दिसायचं.

"बेयाई, पत्रे मी देतो," सेराज व्याह्याला म्हणाला. "मुलगा माझा आहे. ब्यापाऱ्याचा मुलगा गवताखाली झोपला तर लोक काय म्हणतील?"

"ब्यापारी स्वतः कुठे झोपतो ते लोक बघतात ना," तोराब म्हणाला. "चैत्र लागला की तू खाट घेऊन फणसाखाली येतोस. तुझं पत्र्याचं घर चांगलंच आहे, बेयाई. त्याच्या बाहेर छान झोप लागते."

बसलेले सगळे हसले. सेराजही हसला, पण कानामागे खाजवत.

तोराबनं बाकीचं बोलून दाखवलं नाही. त्याचा पाठचा भाऊ एका वैशाखात बाजारातून घरी येत होता. सुटलेला पत्रा वाऱ्यावर आला. भावाला मातीला न्यायच्या आधी त्याला गोळा करायला तोराबला शेतात दोन जागी जावं लागलं होतं. तेव्हापासून पत्र्याच्या घरात तो पाणीही पीत नसे.

लग्न गवताच्या छपराखाली झालं. मालेकानं एका घावात कोपरा कापला. वर्ष झालं, राबेया जन्मली. नात झाल्यावर तोराबची चाल आणखी डुलायला लागली.

मग एका वैशाखात वारा आला आणि मालेकाचं छप्पर घेऊन गेला.

बेटावर त्या दुपारी दुसरं काहीच मोडलं नाही. दोन केळी पडल्या आणि घरामीच्या मुलीचं छप्पर उडालं. वेत वाळून ठिसूळ झाला होता, की समुद्राच्या खाऱ्या हवेनं खाल्ला होता, की वाऱ्यानंच एक वाट शोधली, कुणास ठाऊक. मालेकानं राबेयाला भाताच्या कणगीआड धरलं होतं. दोघींना ओरखडाही आला नाही. छप्पर मात्र उचललं गेलं आणि सेराजच्या तळ्यात जाऊन बसलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा त्याच्यावर बदकं बसली होती.

हाच घाव होता. कुणी मेलं असतं तर लोक गप्प बसले असते. बदकांमुळे बोलायची सोय झाली.

"तोराबभाई, बदकांनी कोपरा कापला का रे एका घावात?" चहाच्या टपरीवर कुणी तरी विचारायचं.

"खीर वाढली का त्यांना?"

"अरे, घरामी मोठा माणूस. आता पाण्यावरची कामं घेतो."

तोराब चहा अर्धा टाकून उठायचा. पूर्वी त्याला आढ्यावरून उत्तर देता यायचं. आता त्याला कुणी आढ्यावर बोलावत नव्हतं. नव्या घराचं काम निघालं तर माणसं गुपचूप नदीपलीकडे पत्र्याची चौकशी करून यायची.

सेराज आला तो सरळ बोलला. "बेयाई, झालं ते झालं. उद्या होडीतून पत्रे उतरवतो. तुला बोल लावत नाही. पण माझी नात उघड्यावर राहणार नाही."

"तू पत्रे उतरव," तोराब म्हणाला. "मी मुलगी आणि नात घेऊन येतो घरी."

"माणूस आहेस का कोण? तुझ्या अकडीपायी मुलीचा संसार मोडतोस?"

सासऱ्याबरोबर आलेली मालेका दाराशी उभी होती, राबेया कडेवर. छप्पर गेल्यावर ती सासऱ्याच्या पत्र्याखाली राहत होती. राबेयाच्या पाठीवर घामोळ्यांचे लाल चट्टे उठले होते. ती बापाला म्हणाली, "बाजान, मला पत्रा नको. पोर झोपत नाही त्याच्याखाली, रात्रभर रडते. मला तुझंच छप्पर हवं. फक्त या वेळी घट्ट बांध. एवढंच."

"असं बांधतो," तोराब म्हणाला, "की वैशाखाचा बाप आला तरी हलवू शकणार नाही."

ट्रॉलरच्या घाटावर जाऊन त्यानं तार आणली. जाळ्याच्या वजनांना लावतात ती, न गंजणारी, बोटभर वळली तरी पुन्हा सरळ व्हायला बघणारी. बरोबर एक पक्कडही आणली. आयुष्यभर ज्या हातानं वेत ओळखला त्या हातात पक्कड बघून मला हसू आलं होतं, हे आठवतं. गवत त्यानं दुहेरी घातलं. कामट्या इतक्या जवळ बांधल्या की त्यांच्या मधून हात जाऊ नये. आणि चारही कोपऱ्यांवर तार पिळली. पक्कड फिरवताना त्याचे दात दिसायचे.

गुलनाहार जेवणाचा डबा घेऊन आली होती. वर बघत उभी राहिली.

"तारेनं?"

"तारेनं."

"आणि कार्तिकात?"

"कार्तिकात काय? बांध आहे ना समोर. म्हशीची गाडी जाते त्याच्यावरून. मालेका जन्मल्यापासून पाणी आलंय का कधी?"

"नाही आलं."

"मग?"

"मग काही नाही. भात आहे, मासा आहे, खाली ये."

"वर दे," तोराब म्हणाला.

कोपरा कापायला पूर्वीपेक्षा जास्त माणसं जमली. टपरीवरचे सगळे आले होते, काही बघायला आणि काही बोलायला. मालेका पदर घेऊन आली. तोराबनं तिच्या हातात कोयता दिला. तिनं बापाकडे बघितलं, मग कोपऱ्याकडे. घाव घातला. ठिणगी उडाली. कोयता हातातून उलटा फिरला आणि मातीत पडला. त्याच्या पात्याला हरभऱ्याएवढा खळगा पडला होता. तारेवर साधी रेघ उठली होती.

सेराज हसला, मोठ्यानं, पोट धरून. "वा रे घरामी! कोयता तुटला पण छप्पर नाही! हे आता कयामतीपर्यंत इथंच!" त्यानं तोराबला मिठी मारली. टपरीवरची माणसं टाळ्या वाजवू लागली. ओहिद लाजून हसत होता. बदकांची गोष्ट त्या दिवशी मेली.

खिरीचं काय करायचं याचा बायकांना प्रश्न पडला. हा ना एका घावाचा कोपरा होता, ना दोन घावांचा. कुणी तरी म्हणालं, वाढा, आणि वाढली. गुलनाहारनं पातेल्याला हात लावला नाही. म्हणाली, दात दुखतोय. तोराबनं कोयता उचलला, अंगठ्यानं तो खळगा चाचपला, म्हणाला, "धार लावून देतो," आणि तो तसाच कुडात खोचला.

त्या उन्हाळ्यात मालेकाच्या घरात शिरलं की मडक्यात हात घातल्यासारखं गार वाटायचं. राबेया पाठ उघडी टाकून जमिनीवर झोपायची. वैशाखाचे वारे येऊन गेले. छप्पर कुरकुरलंसुद्धा नाही. माझ्यासकट चार जणांनी तोराबला विचारलं, आमचंही तारेनं बांध. त्यानं नाही म्हटलं. "तुम्हाला वेत बस झाला. तार मुलीला दिलीय." जसा बाप मुलीला दागिना देतो तसं बोलला. मला तेव्हा त्याचा राग आला होता.

कार्तिकात रेडिओवर वादळाच्या सिग्नलचा आकडा चढत गेला. तो दरवर्षी चढायचा आणि उतरायचा, त्यामुळे आम्ही होड्या ओढून घेतल्या, म्हशी उंचावर बांधल्या आणि घरात बसलो. सकाळपासून पाऊस आडवा पडत होता. वारा पूर्वेचा. दुपारी तो वाढला तेव्हा सुपारीची झाडं शेंड्यापासून वाकून जमिनीला टेकू लागली.

तोराबचं घर उत्तरेला. तिथं काय झालं ते गुलनाहारनं नंतर सांगितलं. ती मुरमुरे आणि गूळ फडक्यात बांधत होती. कुडातला आपला कोयता तिनं काढून मांडीजवळ ठेवला होता. तोराबनं त्या कोयत्याकडे बघितलं आणि तो उभा राहिला. मग खिळ्यावरची पक्कड घेतली.

"पोचशील?" तिनं विचारलं.

"वारा अजून पूर्वेचा आहे," तो म्हणाला. "दक्षिणेला वळल्याशिवाय पाणी येत नाही."

"मग पळ."

माझं घर दक्षिणेच्या वाटेवर. वारा वळला तेव्हा मला ते कानात कळलं, दडा बसला. मग अंगणात पाणी दिसलं. पाऊस साचतो तसं नव्हतं. ते चालत आलं, फेस पुढे ढकलत. घोट्याला, गुडघ्याला, आणि बघता बघता माझ्या बायकोच्या कमरेला. ती कोयता घेऊन उभी होती, ओठ हलत होते. वर चढा, म्हणाली. मी पोरांना वर ढकललं. तिनं चार कोपऱ्यांवर चार घाव घातले आणि माझ्या हाताला धरून वर आली. छप्पर मेढींवरून उठलं, एकदा गरकन फिरलं आणि वाहायला लागलं. तोराबच्या हातचं होतं. खोटं का बोलू, वेताची सगळीच छपरं तरली नाहीत. कितीकांची पाणी यायच्या आधीच वाऱ्यानं नेली, आणि त्या घरांत आता कुणी नाही. आमचं राहिलं.

तेव्हा तो दिसला. गळ्याएवढ्या पाण्यात, एका हातानं मोडक्या केळीला धरून, आमच्या उलट दिशेला जात होता. पक्कड गमछ्यानं गळ्यात बांधलेली.

"चाचा!" मी ओरडलो. "वर ये! हात दे!"

तो इतका जवळ होता की मी वाकून त्याचे केस धरू शकलो असतो.

"मालेकाचं तारेचं आहे," तो म्हणाला.

"पाणी बघ! वर ये, मूर्खा!"

"अरे, तारेचं आहे तिचं," तो पुन्हा म्हणाला, जणू मला ऐकू आलं नव्हतं. एक लाट आली आणि आमचं छप्पर उत्तरेला गेलं. तो दिसेनासा झाला.

सकाळी पाणी उतरलं. आम्ही ज्या खाडीच्या काठाला लागलो तिथून परत चालत आलो. वाटेवर वाट नव्हती. घरं नव्हती, कूड नव्हते, नुसत्या मेढी उभ्या होत्या, म्हशी आणि माणसं चिखलात एकसारखी पडली होती. सेराजचे पत्रे बाभळींच्या फांद्यांना ओल्या कागदासारखे गुंडाळले गेले होते. बांध मधोमध फुटला होता. दक्षिण टोकाला पोचलो आणि सगळे उभे राहिलो.

एक छप्पर होतं.

सबंध बेटावर ते एकच जागेवर होतं. गवत वाऱ्याच्या उलट्या दिशेला विंचरल्यासारखं झालं होतं, आढ्यावर शेवाळ आणि मेलेला मासा अडकला होता, म्हणजे पाणी त्याच्याही वरून गेलं होतं. एका मेढीचं डोकं तुटलं होतं, पण बाकीचे तीन कोपरे मेढींना घट्ट होते. खाली कूड वाहून गेले होते. आत काहीच नव्हतं. पलीकडचं आकाश दिसत होतं.

तोराब समोर चिखलात बसला होता. खजुराच्या झाडाला धरून त्यानं रात्र काढली होती. छातीची आणि हातांची कातडी सोलून निघाली होती. पक्कड गळ्यातच होती.

आमच्यातला एक म्हातारा, ज्याचं स्वतःचं कुणीच उरलं नव्हतं, भानावर नसल्यासारखा वर बघत म्हणाला, "बघ घरामी. फक्त तुझं राहिलं."

माणूस वाईट बोलला नव्हता. कुणी तरी म्हणावं असं तोराबला आयुष्यभर जे वाटत होतं तेच म्हणाला होता. तोराबनं मान वर केली, छप्पर बघितलं, आणि बाजूला वळून ओकला. मग उठला, आणि त्या सोललेल्या हातांनी पक्कड धरून एकेक तार कापायला लागला. कुणी त्याला थांबवलं नाही. तिसरी तुटली तेव्हा छप्पर मेढीवरून घसरलं आणि चिखलात आडवं झालं. पाखी पसरून, जसं पाण्यात पसरायला हवं होतं तसं.

ओहिद चारच शेतं पलीकडे सापडला. कोयता त्याच्या लुंगीच्या गाठीत होता. मालेका दुसऱ्या दिवशी खाडीच्या पलीकडून होडीत आली, जिवंत, उघडी, कुणाची तरी चटई गुंडाळलेली. राबेया मिळाली नाही.

काय झालं ते तिनं एकदाच सांगितलं, आईला, आणि मी बाजूला होतो. ओहिदनं तिला आणि पोरीला वर चढवलं. स्वतः खाली राहून कोयता मारत राहिला. तार तुटेना म्हणून मेढीचं डोकंच तोडायला लागला. एक तुटलं. छप्पर एका बाजूनं उचललं आणि तीन कोपऱ्यांना धरून राहिलं, दाव्याला बांधलेल्या गुरासारखं हिसके देत. मग पाणी आढ्यावर आलं. पोरीला तिनं पदरानं पोटाशी बांधलं होतं.

"पदर सुटला," मालेका म्हणाली. "बघ आई, पदर सुटला."

नंतर सरकारची माणसं आली, परदेशातली आली, तांदूळ आले, कपडे आले आणि पत्रे आले. ज्याच्या त्याच्या घरावर पत्रा चढला. फुकटचा पत्रा कोण सोडतो, आणि गवत तरी कुठे उरलं होतं? चैत्रात आता सगळं बेट खाटा घेऊन झाडाखाली झोपतं, जिथं झाड उरलंय तिथं. तोराबकडे काम मागायला कुणी गेलं नाही आणि त्यानं कुणाकडे मागितलं नाही. तो जमिनीवर बसून राहायचा. पाऊस आला तर गुलनाहार त्याला हाताला धरून आत न्यायची.

सेराज एकदा आला. आम्हाला वाटलं, आता शिव्यांनी घर डोक्यावर घेईल; मुलगा गेला होता त्याचा. तो तोराबच्या शेजारी मातीत बसला. दोघांची तोंडं नदीकडे होती.

"मिठी मी मारली होती तुला," सेराज म्हणाला.

तोराबनं मातीतली एक काडी उचलून मोडली.

"टाळ्याही माझ्याच माणसांनी वाजवल्या." उठताना त्यानं तोराबच्या खांद्यावर हात टेकला, उठायला आधार म्हणून टेकतात तसा, आणि गेला.

मालेकालाही पत्रे मिळाले होते. ते तिनं वापरले नाहीत. आईबापाच्या घरामागे भिंतीला टेकवून ठेवले. त्यांच्या सावलीला कोंबड्या बसायच्या. बापाशी ती बोलत नसे. ताटही त्याच्यापुढे ठेवत नसे, आईकडे द्यायची. भांगेवर नवं गवत उगवलं, वाढलं, पौषात पिवळं झालं. एका सकाळी ती कोयता घेऊन गेली आणि एकटीनं कापायला लागली. पेंढ्या अंगणात उभ्या केल्या. ओहिदच्या जागेवर तिनं स्वतः मेढी पुरल्या. मग बापापुढे भिजवलेल्या वेताची जुडी आणून टाकली.

"बांध."

तोराबनं वेताकडे बघितलं नाही. "पत्रा घाल बेटा. सगळ्यांनी घातलाय."

"पत्रा तरंगत नाही. बांध."

"माझा हात गेलाय."

"हात कुठे गेलाय? आहे तो. पक्कड धरता आली ना त्याला?"

गुलनाहार दारातून म्हणाली, "मालेका."

"तू मध्ये बोलू नको, आई. त्यानं बांधायचंय."

तो गेला. शिडी चढताना दोनदा थांबला. आढ्यावर पाय टाकून बसला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी आढं धरलं. काम संपायला पूर्वीपेक्षा खूप जास्त वेळ लागला. गवत त्यानं हुंगलं नाही. मालेकानं निवडून दिलं तेच वापरलं. शेवटी कोपऱ्यांपाशी आला. चिरलेला वेत अंगठा आणि बोटामध्ये धरला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ मिटलेलेच होते. मग वेढे दिले.

रिवाजाला कुणी जमलं नव्हतं. मी होतो, माझी बायको होती, गुलनाहार होती. खीर नव्हती. मालेकानं डोक्यावरून पदर घेतला नाही, कमरेला खोचला. तो खळगा पडलेला कोयता तिच्याच हातात होता; ओहिदच्या लुंगीतून काढलेला. तिनं पहिल्या कोपऱ्यावर घाव घातला. वेत तुटला. बायका गलका करतात तिथं माझ्या बायकोनं तोंड उघडलं आणि मिटलं.

मालेका दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली. एक कोपरा कापायचा असतो, पण तिनं दुसराही कापला. मग तिसरा. प्रत्येकी एक घाव. चौथ्याला तिनं कोयता उचलला तेव्हा तोराब खाली उभा राहून हाताची बोटं बोटांत अडकवून बघत होता, नव्या घराकडे मान वर करून बघणाऱ्या मुलीच्या बापासारखा. घाव पडला. छप्पर हललं, सरकलं आणि सगळं मिळून अंगणात उतरलं. धूळ उडाली.

तिनं कोयत्याचं पातं पदराला पुसलं. त्या कार्तिकानंतर पहिल्यांदाच बापाच्या तोंडाकडे बघितलं.

"पुन्हा बांध," म्हणाली.

तोराब खाली बसला आणि तुटलेले वेत गोळा करायला लागला.